सरासरीत हरवलेली पेशी

आजचा विषय पाहून काहीजण नक्की म्हणतील, हा कला शाखेचा पदवीधर, कचेरीत फायली सांभाळणारा माणूस, एरवी देवळांच्या नि जत्रांच्या गोष्टी लिहितो, त्याला हे पेशींचं खूळ कुठून लागलं? कारण आहे. तेच आधी सांगतो.

२०२१ चा मे महिना. करोनाची दुसरी लाट. आमच्यापैकी काही कारकुनांना रोजचे तक्ते भरायचं काम लावलं होतं. नवे रुग्ण, बरे झालेले, दगावलेले. खाली बेरीज, बाजूला टक्केवारी. संध्याकाळी तक्ता वर पाठवला की दिवस संपला. त्याच महिन्यात आमच्या वाड्यावरच्या दोघा भावांना एकाच दिवशी ताप आला. दोघांच्या वयात दोन वर्षांचं अंतर. घर एक, चूल एक, विहीर एक. थोरला चार दिवसांत अंगणात फिरायला लागला. धाकटा अकराव्या दिवशी गेला. हा धाकटा चतुर्थीच्या आरतीला शामेळ वाजवायचा, आणि त्याच्यासारखा शामेळ आमच्या वाड्यावर कोणी वाजवत नसे. महिन्याभराने मी भेटायला गेलो, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, दोघेही एकाच पंगतीला जेवत होते. मग असं कसं झालं?"

रोज टक्केवारी काढणारा मी. त्या एका माणसाविषयी माझ्या तक्त्यात काहीच नव्हतं.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांत 'सायटोकाइनचं वादळ' असा शब्द सारखा यायचा. तो शब्द धरून मी वाचत गेलो. वादळ राहिलं बाजूला (त्यात शरीरातल्या अनेक तऱ्हेच्या पेशींचा हात असतो आणि तो विषय फार मोठा आहे), पण वाटेत एक जुनी कथा हाती लागली. एका तऱ्हेच्या म्हणून गणलेल्या पेशी खरोखर एकसारख्या वागतात का, या साध्या प्रश्नाची ती कथा. वैज्ञानिकांना या प्रश्नापर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली आणि ती वर्षं वाचण्यासारखी आहेत.

सुरुवात छातीच्या हाडामागे असलेल्या एका लहान ग्रंथीपासून करावी लागते. तिचं नाव थायमस. १९६० पर्यंत ही ग्रंथी बहुतेकांच्या लेखी निरुपयोगी होती. पेशींचं स्मशानच म्हणा ना. १९६१ साली लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत जाक मिलर हा तरुण संशोधक उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होता. त्यासाठी त्याने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ही पिल्लं काही आठवडे बरी राहिली, मग खंगू लागली, साध्या रोगजंतूंनी मरू लागली. परक्या उंदराची कातडी त्यांच्यावर बसवली तर ती त्यांच्या शरीराने मुकाट्याने स्वीकारली. म्हणजे आपलं-परकं ओळखण्याची शक्तीच गेली होती. पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मिलर आणि ग्रॅहम मिचेल यांनी १९६८ साली दाखवलं की रोगप्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी दोन तऱ्हेच्या आहेत. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि थायमसमधून आलेल्या वेगळ्या. थायमसच्या पेशी स्वतः प्रतिपिंडं बनवत नाहीत, पण त्यांच्या मदतीशिवाय पहिल्यांचं काम नीट चालत नाही. थायमसवरून त्यांना टी पेशी म्हणू लागले, आणि मदत करणाऱ्या त्या मदतनीस टी पेशी.

कचेरीची भाषा वापरायची तर मदतनीस टी पेशी स्वतः काम न करता टिपणी लिहिणारा माणूस आहे. जंतू गिळणारी पेशी वेगळी, प्रतिपिंडं बनवणारी वेगळी, पण कोणी काय करायचं याचे शेरे ही मारते. हे शेरे म्हणजे प्रथिनांचे छोटे रेणू. पेशीतून बाहेर सोडले जातात, दुसऱ्या पेशीला जाऊन चिकटतात आणि तिला कामाला लावतात. यांनाच सायटोकाइन म्हणतात.

पण हे रेणू हाती येणं सोपं नव्हतं. पेशी काचेच्या भांड्यात वाढवायच्या, त्यांना चेतवायचं, आणि वरचं पाणी काढून घेऊन त्यात काय गुण आहे ते पाहायचं, अशी ती पद्धत. कोणाला त्या पाण्यात टी पेशी वाढवणारा गुण सापडला, कोणाला प्रतिपिंडं वाढवणारा. प्रत्येक प्रयोगशाळा आपापलं नाव ठेवी. एकाच माणसाचं नाव एका दाखल्यावर एक, दुसऱ्यावर दुसरं, अशी स्थिती. शेवटी १९७९ साली स्वित्झर्लंडमधल्या एर्माटिंगेन गावी भरलेल्या बैठकीत 'इंटरल्यूकिन' हे नाव आणि त्यापुढे क्रमांक असा तोडगा निघाला. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-२, असं पुढे. जनुकं हाती लागू लागली तसा गोंधळ निवळला.

आता मुख्य घटना. १९८६. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी डीएनएएक्स नावाची संशोधन संस्था. तिथे टिम मोसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदराच्या मदतनीस टी पेशींचे वंश वाढवले. वंश म्हणजे एकच पेशी वेगळी काढायची आणि तिच्यापासून हजारो-लाखो पेशींचं कुटुंब तयार करायचं. या कुटुंबांचं पाणी तपासलं तेव्हा दोन गट पडले. काही वंश इंटरल्यूकिन-२ आणि इंटरफेरॉन गॅमा सोडत होते. काही इंटरल्यूकिन-४ सोडत होते, आणि पुढे त्याच गटात इंटरल्यूकिन-५ चीही भर पडली. पहिल्या गटाला टीएच-१ म्हटलं, दुसऱ्याला टीएच-२. पहिला गट पेशींच्या आत दडणाऱ्या जंतूंशी लढणाऱ्यांना चेतवतो. दुसरा जंतांशी लढणाऱ्या आणि ॲलर्जीत बिघडणाऱ्या प्रतिपिंडांना.

ही मांडणी इतकी सुबक होती की पुढची दहा वर्षं सगळं त्याच दोन खणांत बसवलं गेलं. आणि बसतही होतं! १९८९ साली लाइश्मानिया या परजीवीची लागण केलेल्या उंदरांत दिसलं की बऱ्या होणाऱ्या जातीच्या उंदरांत इंटरफेरॉन गॅमा जास्त, तर मरणाऱ्या जातीत इंटरल्यूकिन-४ जास्त. १९९१ साली रॉबर्ट मॉडलिन आणि बॅरी ब्लूम यांच्या गटांनी कुष्ठरोग्यांच्या त्वचेचे तुकडे तपासले. आपल्याकडे ज्यांनी हा रोग जवळून पाहिला असेल त्यांना ठाऊक असेल की त्याची दोन टोकं आहेत. एकात मोजके बधिर चट्टे, जंतू जवळजवळ नाहीत. दुसऱ्यात रोग अंगभर आणि त्वचेत जंतूच जंतू. जंतू तोच, मग दोन टोकं का? पहिल्या तऱ्हेच्या चट्ट्यांत टीएच-१ चे शेरे जास्त होते, दुसऱ्यात टीएच-२ चे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, १८७३ साली, हान्सेनने कुष्ठरोगाचा जंतू पाहिला होता. पण त्याला शरीराने दिलेलं उत्तर दोन प्रकारचं असतं याचं इतकं स्वच्छ चित्र आता मिळालं. दोन खणांची मांडणी कामाची होती, हे इथे मान्यच करायला हवं.

मग अडचण कुठे होती? भांड्यातल्या पाण्यात होती.

आमच्या गोव्यात चतुर्थीला घरोघरी घुमट आरती होते. रस्त्यावरून चालताना एखाद्या घरातून आरती ऐकू येते तेव्हा घुमट, शामेळ आणि कासाळे यांचा मिळून एकच नाद कानावर पडतो. आत किती घुमटं आहेत, कोण कधी थांबतो, कोण दोन ठोक्यांमध्ये तिसरा घालतो, कोण नुसताच हात फिरवतो, हे रस्त्यावर कळत नाही. त्यासाठी आत जाऊन बसावं लागतं. लाखो पेशींचं पाणी तपासणं म्हणजे रस्त्यावरून आरती ऐकणं. त्यात इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-५ दोन्ही सापडले तर प्रत्येक पेशी दोन्ही बनवते, की निम्म्या एक आणि निम्म्या दुसरं, की मूठभर पेशी भरमसाट बनवतात आणि बाकीच्या गप्प आहेत, हे त्या पाण्यावरून सांगता येत नाही. कुष्ठरोग्याच्या त्वचेचा तुकडाही असाच, हजारो पेशींचा एकत्र आवाज.

शंका घेणारे सुरुवातीपासून होते. १९८९ मध्येच दोन्ही तऱ्हेचे शेरे मारणाऱ्या पेशी सापडल्या. मग त्यांच्यासाठी 'टीएच-०' असा तिसरा खण केला! (फाईल कुठल्याच शीर्षात बसली नाही की आम्ही 'किरकोळ' असं लिहितो, तसं.) ऑस्ट्रेलियातल्या ॲन केल्सो यांनी मात्र वेगळा मुद्दा धरला. त्यांनी तपासलेल्या वंशांत दोन नेटके गट दिसत नव्हते, शेऱ्यांच्या जोड्या नाना तऱ्हांनी जुळत होत्या. १९९५ साली त्यांनी यावर एक लेख लिहिला, त्याचं शीर्षक होतं 'टीएच-१ आणि टीएच-२ उपगट : पॅराडाइम्स लॉस्ट?' मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'वरची ती कोटी. बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलेल्या मला या सगळ्या कठीण वाचनात तिथे जरा घरी आल्यासारखं वाटलं.

पण शंका घेणं वेगळं, एकेक पेशी तपासणं वेगळं. एका पेशीतून येणारा माल इतका कमी की मोजणार कसा? नव्वदच्या दशकात दोन-तीन वाटा सापडल्या. पहिली, पेशीच्या आत जनुकाचा निरोप घेऊन निघणारा आरएनए शोधणं. पेशी एकेकटी वेगळी करायची आणि तिच्यातल्या निरोपाच्या प्रती काढून काढून त्या मोजता येतील इतक्या करायच्या. किंवा काचपट्टीवरच पेशीत तो निरोप उजळवायचा. अमेरिकेत अलाबामाच्या विद्यापीठात पॅट ब्युसी यांच्या गटाने १९९४-९५ मध्ये उंदराच्या मदतनीस पेशींचं असं एकेकटीचं परीक्षण केलं.

दुसरी वाट मला फार आवडली, कारण ती एखाद्या चतुर शिरस्तेदाराला शोभेल अशी आहे. पेशी आपला माल बाहेर सोडते म्हणून तो कोणाचा ते कळत नाही ना? मग बाहेर पडायचं दारच बंद करा. विशिष्ट औषध घातलं की बनवलेलं सायटोकाइन पेशीच्या आतच अडकून पडतं. मग पेशीला रसायनाने जागच्या जागी थिजवायचं, तिच्या आवरणाला बारीक भोकं पाडायची, आणि रंगीत चमकणारी प्रतिपिंडं आत सोडायची. इंटरल्यूकिन-४ ला एक रंग, इंटरफेरॉन गॅमाला दुसरा. शेवटी पेशी एका रांगेत लेसर किरणापुढून सोडायच्या. यंत्र प्रत्येकीचा रंग टिपतं, मिनिटाला हजारो पेशी.

१९९५ साली पीटर ओपनशॉ, ॲन ओ'गारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीने टीएच-१ आणि टीएच-२ म्हणून मुद्दाम घडवलेल्या पेशी तपासल्या. गंमत म्हणजे ओ'गारा तेव्हा त्याच डीएनएएक्स संस्थेत होत्या, जिथे दोन खण तयार झाले होते. एकंदर कल खणांप्रमाणेच होता. पण खणाच्या आत डोकावलं तर एकीसारखी दुसरी नव्हती. काही पेशी एकच सायटोकाइन बनवत होत्या, काही दोन, आणि त्याच भांड्यातल्या काही त्या वेळी काहीच नाही. 'टीएच-२ पेशी इंटरल्यूकिन-४, ५ आणि १० बनवते' हे वाक्य समूहाला लागू होतं. एकेका पेशीला लावलं की डळमळत होतं.

यावर कोणी म्हणेल, भांड्यात एखादीला खाद्य जास्त मिळालं असेल, एखादी थकलेली असेल, त्यात काय मोठं? १९९८ साली त्याचंही उत्तर आलं, आणि ते ऐकून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर पायरीवर जाऊन बसलो. आपल्या बहुतेक पेशींत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्क बिक्स आणि रिचर्ड लॉक्सली यांनी दोन वेगळ्या जातींच्या उंदरांचा संकर घेतला, म्हणजे आईची प्रत कोणती आणि बापाची कोणती हे ओळखता येईल. मग एकेका मदतनीस पेशीत इंटरल्यूकिन-४ चा निरोप कुठल्या प्रतीवरून निघतो ते पाहिलं. काहींत फक्त आईच्या प्रतीवरून निघत होता, काहींत फक्त बापाच्या, काहींत दोन्हींवरून. पेशीचं केंद्र एक, आतलं पाणी एक, बाहेरून आलेला हुकूम एक. तरी शेजारच्या दोन प्रतींपैकी एक बोलते आणि दुसरी गप्प राहते! एकाच घरातल्या दोन भावांसारखी.

याचा अर्थ असा की जनुक दिव्याच्या बटणासारखं लागत नाही. ते घट्ट गुंडाळलेलं असतं. चेतवणी आली की ते उलगडण्याची शक्यता वाढते, एवढंच. एखादी प्रत उलगडते, एखादी नाही, आणि उलगडलेली अवस्था पेशीच्या लेकींकडेही जाऊ शकते. हुकूम शक्यता ठरवतो. प्रत्यक्षात काय घडेल त्यात योगायोगाला जागा राहते. २००२ साली मायकल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी साध्या जिवाणूतही हेच दाखवलं. एकाच जिवाणूत एकसारखी नियंत्रणं असलेली दोन वेगळ्या रंगांची जनुकं घातली, तरी सगळे जिवाणू एका रंगाचे झाले नाहीत.

मग इतक्या बेभरवशाच्या कारभारावर शरीर चालतं कसं? २०१३ साली मिनेसोटात मार्क जेन्किन्स यांच्या गटाने उंदरात एकेकटी मदतनीस पेशी सोडली आणि जंतूची लागण करून तिचा वंश मोजला. एका पेशीच्या वंशात एका कामाच्या पेशी जास्त, दुसरीच्या वंशात दुसऱ्या. त्याच वर्षी म्युनिक आणि ॲमस्टरडॅमच्या गटांनी मारक टी पेशींवर असेच प्रयोग केले. एकेक वंश लहान-मोठा कसाही झाला, पण अनेकांची बेरीज भरवशाची ठरली. पुढे कुठला जंतू येणार हे शरीराला आधी माहीत नसतं. सगळ्यांनी एकच पवित्रा घेतला आणि तो चुकला तर सगळंच गेलं. म्हणून ही विविधता शरीराच्या फायद्याची असावी, असं शास्त्रज्ञ मांडतात.

हा नुसता तात्त्विक खेळही नाही. २००७ साली अमेरिकेत रॉबर्ट सीडर यांच्या गटाने लाइश्मानियाविरुद्धच्या लसी उंदरांवर तपासल्या. तोवर लसीचं यश मोजताना इंटरफेरॉन गॅमा बनवणाऱ्या पेशी किती, एवढंच बहुधा पाहत. तो आकडा संरक्षणाशी नीट जुळत नव्हता. जुळला तो दुसराच आकडा : तीन सायटोकाइनं एकाच वेळी बनवणाऱ्या पेशी किती. ज्या फरकाला आधी गोंगाट म्हणून बाजूला काढलं जात होतं, त्यातच लसीचं मर्म होतं. नुसती बेरीज पाहणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं.

२००५ मध्ये टीएच-१७ नावाचा आणखी एक खण निघाला, आणखीही निघाले. २००९ पासून एकेका पेशीतले हजारो निरोप एकत्र वाचण्याची तंत्रं आली आणि खणांच्या भिंती आणखी पातळ झाल्या. आज टीएच-१ आणि टीएच-२ ही नावं पुस्तकांत आहेतच आणि उपयोगीही आहेत. फक्त ती गावांच्या नावांसारखी वापरली जातात. गावाचं नाव सांगितलं म्हणून घरातला माणूस कळत नाही.

आता त्या प्रश्नाकडे. थोरला वाचला आणि धाकटा का गेला, याचं उत्तर या पेशींच्या कथेत आहे असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटेपणा होईल. वय, जुने आजार, जंतू किती गेला, वारसा, उपचार, अशी कितीतरी कारणं माणसा-माणसांत फरक पाडतात, आणि इथे सांगितली ती गोष्ट पेशी-पेशींतल्या फरकाची आहे. पण एक मला उमगलं. "एकाच पंगतीला जेवत होते, मग असं कसं?" या प्रश्नात एक गृहीत आहे, की सगळं सारखं असलं म्हणजे फळही सारखंच मिळायला हवं. आणि माझ्या टक्केवारीतही तेच गृहीत होतं. इथे तर एकाच पेशीत, एकाच हुकमाखाली, एकाच जनुकाच्या दोन प्रतीही सारख्या वागत नाहीत. वहिनीचं काही चुकलं नव्हतं. वाढण्यात नाही, शुश्रूषेत नाही, कशात नाही. हे मात्र मी तिला जाऊन सांगितलं, पेशीबिशींचं नाव न काढता. ती काही बोलली नाही. चहा ठेवला.

त्यानंतरच्या चतुर्थीला मी कामावरून उशिरा परतत होतो. त्यांच्या घरून आरती ऐकू येत होती. रस्त्यावर उभं राहून ऐकलं तर नेहमीसारखीच वाटली. मग आत जाऊन बसलो. शामेळ थोरल्याच्या मुलाच्या हातात होता. ठोका बरोबर पडत होता, पण काकाचा नव्हता.

असो. आज एवढंच.